जागा रिकामी झाली, आता कुणाला घ्यायचं? करवीर दरबाराचं १९०२ चं प्रकरण

७१ पैकी ६० आणि ५०० पैकी ४९०. हे दोन आकडे आधी वहीत लिहून घ्या, बाकीचं सगळं यांच्याभोवतीच फिरणार आहे. २ एप्रिल १८९४ ला शाहू महाराजांनी करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानाचा कारभार हातात घेतला तेव्हा दरबारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते आणि ५०० कारकुनांपैकी ४९०. महाराजांचं वय तेव्हा १९.

आमच्या रविवारच्या अभ्यास ग्रुपात या वेळचा विषय होता, वसाहतीच्या राज्यात परदेशी अधिकारी काढून त्यांच्या जागी स्थानिक माणसं कशी आणतात. सगळ्यांना वाटलं आयसीएसचं, म्हणजे इंग्रज सरकारच्या वरच्या सनदी नोकरीचं, भारतीयीकरण घेऊ, नोट्स तयार आहेत, तासाभरात मोकळं. मी म्हटलं दसरा चौकात बसून चहा पिताय, आजूबाजूला बोर्डिंगं, म्हणजे एकेका समाजाच्या पोरांची वसतिगृहं, दिसतायत, आणि प्रकरण लंडनचं कशाला घेताय? त्यावर एक जण लगेच म्हणाला, सर पण कोल्हापुरात गोरे अधिकारी होतेच किती? प्रश्न बरोबर आहे. आणि तिथंच या प्रकरणाची खरी गाठ आहे.

आधी पार्श्वभूमी. कोल्हापूरची गादी एकोणिसाव्या शतकात बराच काळ अल्पवयीन किंवा आजारी राजाच्या नावावर होती आणि कारभार पोलिटिकल एजंटच्या, म्हणजे इंग्रज सरकारच्या संस्थानातल्या प्रतिनिधीच्या, देखरेखीखाली चालायचा. शाहूंच्या आधीचे चौथे शिवाजी महाराज, त्यांना वेडे ठरवून अहमदनगरला ठेवलं आणि २५ डिसेंबर १८८३ ला तिथंच ते गेले. या महाराजांच्या छळाबद्दल कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांच्यावर 'केसरी' आणि 'मराठा'नं लिहिलं म्हणून टिळक-आगरकरांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, हे सगळ्यांना पाठ असतं. म्हणजे बघा, कोल्हापूरच्या राजासाठी पुण्याचा संपादक तुरुंगात गेला, आणि पुढं वीस वर्षांत त्याच गादीवरच्या पुढच्या राजाशी वेदोक्तावरनं (राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायचे की नाही हा वाद) आणि नोकऱ्यांवरनं त्याच संपादकाचं, टिळकांचं, फाटलं. इतिहासाला असली वळणं लै आवडतात.

१८८४ साली कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक आला, शाहू झाला. शिक्षण राजकोटला आणि धारवाडला, शिक्षक स्टुअर्ट फ्रेझर, हा स्वतः आयसीएसवाला. म्हणजे जो माणूस पुढं नोकरभरतीचा सगळा डाव उलटवणार होता त्याला कारभार शिकवला तो विलायतेहून परीक्षा देऊन आलेल्या अधिकाऱ्यानं.

आता आयसीएसकडं वळू, कारण तुलना केल्याशिवाय १९०२ चं वजन कळत नाही. १८३३ च्या चार्टर ॲक्टच्या ८७ व्या कलमात लिहून ठेवलेलं की धर्म, जन्मस्थान, वंश, रंग यावरनं कुणालाही कंपनीच्या नोकरीला अपात्र धरायचं नाही. कागद एकदम झकास. पण १८५५ पासनं स्पर्धा परीक्षा सुरू झाली ती लंडनमध्ये. बोटीचं भाडं, तिथला खर्च, समुद्र ओलांडला म्हणून घरी प्रायश्चित्ताचा घोळ, आणि वरनं वयाची अट कमी करत करत १८७८ पर्यंत १९ वर आणली. नावाला परीक्षा सगळ्यांना खुली. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर पास झाले, पहिला हिंदी, म्हणजे भारतीय, माणूस, त्यांना मुंबई इलाखा मिळाला आणि शेवटी ते आपल्या शेजारच्या साताऱ्याला जज्ज होते. त्यानंतर नुसती कमिशनं. १८८६ चं ॲचिसन कमिशन, मग १९१२ चं इस्लिंग्टन कमिशन ज्यात गोखले होते आणि रिपोर्ट बाहेर यायच्या आधीच ते गेले, त्या रिपोर्टनं म्हटलं वरच्या जागांपैकी २५ टक्के हिंदी लोकांना द्या, रिपोर्ट छापून आला १९१७ ला तोवर तो शिळा झालेला. १९१८ ला माँटेग्यू-चेम्सफर्डनं ३३ टक्के सांगितले आणि दरवर्षी दीड टक्का वाढवायचा म्हटलं. भारतात परीक्षा झाली ती १९२२ ला, अलाहाबादला. १९२४ ला ली कमिशनचा रिपोर्ट आला.

ली कमिशनवर जरा थांबा. त्यांनी भरतीचा हिशेब असा मांडला की १०० जागांत ४० गोरे, ४० हिंदी थेट, आणि २० प्रांतिक सेवेतनं बढतीनं. म्हणजे आत येणाऱ्यांत ६० टक्के हिंदी. तरीपण अख्ख्या केडरमध्ये, म्हणजे नोकरीत असलेल्या सगळ्या अधिकाऱ्यांत, निम्मे-निम्मे व्हायला किती वर्षं धरली? पंधरा. पोरं इथं नेहमी गडबडतात. भरतीचं प्रमाण वेगळं आणि केडरचं वेगळं. आज भरती पूर्ण बदलली तरी तीस-पस्तीस वर्षं नोकरी करणारा जुना माणूस खुर्चीत बसलेलाच असतो. टाकीत नळाचं पाणी बदललं म्हणून टाकी लगेच बदलत नाही. आणि झालंही तसंच, १९४० च्या सुमारास गोरे आणि हिंदी जवळपास सारखे आले, सहाशेच्या आतबाहेर दोन्ही, आणि सात वर्षांत दुकानच बंद झालं. वर गोऱ्या साहेबांनी रुसून जाऊ नये म्हणून विलायतेला जायच्या-यायच्या तिकिटांची सोय, लवकर रिटायर होणाऱ्याला प्रमाणात पेन्शन.

तर आता १९०२.

महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हतेच. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेलेले. राजाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं म्हणून सोहळा जूनमधनं ऑगस्टवर गेला, त्यामुळं मुक्काम लांबला. आणि महाराज तिकडं असताना २६ जुलै १९०२ ला इकडं करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम छापून आला. मी तो पोरांना तीन तुकड्यांत सांगितला, कारण एका दमात वाचला की फक्त '५० टक्के' एवढंच लक्षात राहतं आणि उरलेल्या दोन तुकड्यांतच सगळी गंमत आहे.

पहिला तुकडा, इथनं पुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गातल्या लोकांना द्यायच्या. मागासलेले म्हणजे कोण तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. दुसरा तुकडा, ज्या ऑफिसात या वर्गांचं प्रमाण आत्ता ५० टक्क्यांच्या खाली आहे तिथं पुढची नेमणूक त्यांच्यातनंच करायची. आणि तिसरा, सगळ्या खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी नेमणुकांचं पत्रक सरकारात सादर करायचं.

ज्यानं कुठल्याही ऑफिसात दोन वर्षं काढलीत त्याला तिसऱ्या तुकड्याची किंमत विचारा. धोरण कुणीही लिहितं हो. १८३३ चं कलम ८७ पण लिहिलेलंच होतं. पण दर तिमाहीला खातेप्रमुखाला स्वतःच्या हातानं लिहून द्यावं लागतं की माझ्याकडं इतक्या जागा रिकाम्या झाल्या आणि मी अमुक माणसं घेतली, तेव्हा 'योग्य उमेदवार मिळाला नाही' हा शेरा तीन-तीन महिन्यांनी मारायला पण लाज वाटायला लागते. आयसीएसच्या बाबतीत हिशेब विचारायला दर पंधरा-वीस वर्षांनी एखादं कमिशन बोटीनं यायचं. इथं तीन महिने.

दुसरा तुकडा पण बारकाईनं बघा. नुसतं 'निम्म्या जागा' म्हटलं असतं तर ज्या दफ्तरात बारापैकी बारा एकाच वर्गाचे आहेत तिथं पहिली जागा नेहमीप्रमाणं, दुसरी मागासलेल्यांना, तिसरी परत नेहमीप्रमाणं, असं रेटत निम्म्यावर यायला जन्म गेला असता. 'प्रमाण कमी आहे तिथं पुढची नेमणूक यांच्यातनंच' म्हटल्यावर तो रस्ता बंद. म्हणजे आयसीएसवाले जो भरती आणि केडरचा घोळ १९२४ ला सोडवत बसले, तो करवीर सरकारनं २२ वर्षं आधी एका वाक्यात निकालात काढला होता.

आणि काढलं कुणालाच नाही. हे ठळक करून ठेवा, कारण दरवेळी कुणीतरी ऐकीव गप्पा घेऊन येतो की महाराजांनी ब्राह्मणांना नोकरीतनं हाकललं. हुकूम रिकाम्या जागांपुरता होता. ज्याच्यावर अंमलबजावणीची जबाबदारी होती ते दिवाण रघुनाथ व्यंकाजी सबनीस स्वतः प्रभू, म्हणजे हुकमानं ज्यांना वगळलं त्याच वर्गातले. ते १८९८ पासनं दिवाण होते आणि हुकमानंतरही पुढं कित्येक वर्षं राहिले.

आता परत त्या 'गोरे होतेच किती' या प्रश्नाकडं. गोरे नव्हते, खुर्च्या ब्राह्मणांकडं होत्या, मग हे प्रकरण या विषयात बसतं कसं? ब्राह्मण कारकून म्हणजे काय परदेशी का? अजिबात नाही. तो इथलाच, त्याची भाषा तीच, घर इथंच, आणि त्याला गोऱ्या साहेबाच्या रांगेत उभं करणं चूक आहे, मी स्पष्ट सांगतो. पण खुर्चीवर पकड बसायची रीत दोन्हीकडं सारखीच होती. परीक्षा किंवा शिक्षण अशा जागी ठेवायचं की जिथं एकाच थराला पोचता येतं, मग त्या थरातला माणूस आत गेला की आपल्या माणसाला आत घेतो, मग दफ्तराची भाषा, लिपी, शिरस्ता सगळं त्यांच्याच घरातलं होऊन बसतं, आणि बाहेरच्यानं दार वाजवलं की आतनं आवाज येतो, 'लायकी आहे का?' इंग्रज पण हेच म्हणायचे. शिवाय इंग्रजांचा एक जास्तीचा डाव होता, भारतात परीक्षा घेतली तर चार पुढारलेल्या जातींचंच भलं होईल आणि बाकीच्या रयतेवर त्यांचं राज्य येईल, म्हणून आम्हीच बरे. शाहू महाराजांचं म्हणणं पण वरवर बघितलं तर हेच, की स्वराज्य आलं आणि नोकऱ्या-सत्ता ठरावीक जातींच्याच हातात राहिली तर बहुजनांना काय? एकच मुद्दा, पण इंग्रजानं तो मांडला खुर्ची स्वतःकडं ठेवायला आणि महाराजांनी मांडला खुर्ची तिसऱ्याच माणसाला द्यायला. अर्थात महाराजांच्या या भूमिकेचा इंग्रजांना फायदा झालाच नाही असं मी म्हणणार नाही. झाला. आणि महाराजांना पण इंग्रजांच्या पाठबळाचा झाला.

हा 'स्थानिक म्हणजे नक्की कोण' वाला घोळ फक्त आपल्याकडचा नाही बरं का. म्हैसूरमध्ये १९१८ ला मिलर कमिटी नेमली ती याच कारणानं, ब्राह्मणेतरांना नोकऱ्यांत वाटा कसा द्यायचा ते बघायला. मलायात (आजच्या मलेशियात) सिव्हिल सर्व्हिस बिगर-मलाय लोकांनाही उघडली तेव्हा चार मलायांमागं एक बिगर-मलाय असं ठरलं. नायजेरियाच्या उत्तरेत तर कमालच, तिथल्या सरकारचं धोरण होतं की आधी उत्तरेचा माणूस, तो नसेल तर गोरा चालेल, पण दक्षिणेचा नायजेरियन नको, घेतलाच तर करारावर. सुदानमध्ये १९५४-५५ ला इंग्रज आणि इजिप्तच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे ८०० जागा रिकाम्या करून वाटल्या तर दक्षिण सुदानच्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतक्या, आणि ऑगस्ट १९५५ मध्ये दक्षिणेतल्या तोरीत या गावी बंड झालं. गोरा गेला एवढ्यानं आम्ही आलो असं होत नाही, कोण आलं ते बघायला लागतं.

खराखुरा परदेशी जाऊन स्थानिक आल्याचं उदाहरण कोल्हापुरात नाही का? आहे की, आणि ते बाईचं आहे म्हणून आपण विसरतो. संस्थानात मुलींच्या शिक्षणाचं काम मिस लिटल नावाच्या इंग्रज बाई बघायच्या. त्या गेल्यावर महाराजांनी त्या जागी रखमाबाई केळवकरांना नेमलं, दुसरी मडमीण मागवली नाही. आणि रखमाबाईंची मुलगी कृष्णाबाई, त्या डॉक्टर झाल्या आणि इथल्याच अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात काम केलं. आमच्या ग्रुपात सात पोरी आहेत, एकीलाही हे नाव माहीत नव्हतं. पोरांना तर नव्हतंच.

आता निकालाचे आकडे. १९१२ साली ९५ अधिकाऱ्यांपैकी ब्राह्मण ३५. म्हणजे ब्राह्मणेतर ११ वरनं ६० वर गेले, साडेपंधरा टक्क्यांवरनं ६३ टक्क्यांवर, अठरा वर्षांत. भारी वाटतं ना? जरा फोडून बघा. एकूण जागा ७१ च्या ९५ झाल्या, म्हणजे २४ नवीन. ब्राह्मण अधिकारी ६० चे ३५ झाले, म्हणजे २५ कमी. ब्राह्मणेतरांची ४९ ची वाढ झाली त्यात जवळजवळ निम्मी वाढलेल्या जागांतनं आली आणि निम्मी जुन्या खुर्च्या मोकळ्या होऊन. ६० जणांतनं अठरा वर्षांत २५ कमी होणं, वर्षाला दीड पण नाही, हे रिटायरमेंट आणि बदल्यांत सहज बसतं, त्याला हकालपट्टी लागत नाही. आणि दुसरी गोष्ट, या अठरातली आठ वर्षं हुकमाच्या आधीची. भास्करराव जाधव १८९५ लाच नोकरीत घेतलेले, एम.ए. झालेला मराठा मुलगा तेव्हा शोधून काढावा लागायचा, पुढं तेच मुंबई प्रांताचे मंत्री झाले. म्हणजे सगळं श्रेय हुकमाला देऊन मोकळं व्हायचं नाही. राजाची नजर आधीच फिरली होती, हुकमानं ती दफ्तरात बांधून ठेवली, राजा विलायतेला असला तरी चालावी म्हणून.

पण अधिकारी ९५. कारकून ५००. वर नेमायला दहा-वीस शिकलेली माणसं हुडकता येतात, खाली शेकड्यानं लागतात आणि ती कुठनं आणायची? इथं बोर्डिंगं येतात. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ चं, जैनांचं पण १९०१ चं, म्हणजे हुकमाच्या आधीचं वर्ष. मग १९०६ ला मुस्लिमांचं, १९०८ ला अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल, आणि अशी एकेका समाजाची वाढत गेली. खेड्यातला मुलगा राजाराम कॉलेजला किंवा हायस्कूलला यायचा तर राहणार कुठं, जेवणार कुठं, जात बघितल्याशिवाय खोली देतंय कोण? आयसीएसच्या उमेदवाराला जशी लंडनची बोट आडवी येत होती तशी आमच्या शिरोळ-गडहिंग्लजच्या पोराला कोल्हापुरातली खोली आडवी येत होती. राजानं जागा राखीव ठेवली आणि त्याच दमात जेवायची पंगत पण लावली. १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. १९१८ ला कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. हा तलाठी माझ्या मते ९५ अधिकाऱ्यांपेक्षा मोठा बदल आहे, कारण गावातल्या माणसाला दिवाण कधी दिसत नाही, त्याला सरकार म्हणजे सातबारा लिहिणारा हात.

टीका भरपूर झाली. पुण्याच्या पेपरांनी झोडपलं, जातिभेद वाढवताय म्हणाले, कारभार बिघडेल म्हणाले. कारभार बिघडला का? राधानगरीच्या धरणाची सुरुवात, शाहू मिल, गुळाची बाजारपेठ हे सगळं त्याच काळातलं आहे, बघा आणि ठरवा.

मला मात्र हुकमात एक भोक दिसतं आणि ते मी ग्रुपपुढं ठेवलं. ५० टक्के हा एकच ढीग होता. त्यात मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, माळी, धनगर, महार, मांग सगळे एकत्र, आत वेगळे आकडे नव्हते. ज्यांच्याकडं थोडी जमीन, थोडं शिक्षण, बोर्डिंग आधी, ते रांगेत पुढं जाणार हे उघड आहे. महाराजांना ते दिसत नव्हतं असं नाही, पुढं त्यांनी अस्पृश्यांना तलाठी नेमलं, वकिलीच्या सनदा दिल्या, १९२० ला माणगावला बाबासाहेबांच्या परिषदेला जाऊन उभे राहिले. पण ते सगळं राजाच्या इच्छेनं, गॅझेटातल्या हुकमाच्या शब्दांनी नाही.

म्हणून पोरांना शेवटी एक कल्पित प्रसंग दिला. १९१० साल धरा. तुम्ही करवीर सरकारच्या एका खात्याचे प्रमुख आहात. दफ्तरात १२ कारकून, ११ ब्राह्मण आणि एक जैन. एक ब्राह्मण कारकून रिटायर झाला. प्रमाण ५० च्या खाली, म्हणजे जागा मागासलेल्या वर्गाची, इथंपर्यंत वाद नाही. अर्ज दोन. एक मराठा बोर्डिंगचा मुलगा, अक्षर सुंदर, मोडी येते, हिशेब चोख. दुसरा मिस क्लार्क होस्टेलचा, महार, शिकलेला तेवढाच, मोडीत जरा कच्चा, आणि त्याला घेतलं तर दफ्तरातले दोघं-तिघं एका माठातलं पाणी प्यायचं बंद करतील हे तुम्हाला माहीत आहे. हुकूम म्हणतो दोघंही चालतात. तिमाही पत्रक तीन दिवसांनी जायचंय.

दहा मिनिटं दिली होती, पाऊण तास भांडण झालं. एकानं चटकन मराठा मुलगा लिहिला आणि मग खोडला, एकीनं दुसऱ्याला घेऊन माठ वेगळा ठेवते म्हटलं तर बाकीचे तिच्यावर धावून गेले, आणि एक जण म्हणाला सर मी जागा तिमाही संपेपर्यंत रिकामीच ठेवतो. मी म्हटलं भावा, तू मात्र शंभर टक्के सरकारी अधिकारी होणार. चहा गार झालेला, दुसरा सांगितला.